शेडमधल्या लाईटी लुकलुकतायत? मग आधी फिटिंग बदला!

पत्र्याखालच्या सगळ्या लाईटी एकदम डिम होतात, मधेच फडफडतात, तर सरळ सगळ्या फिटिंग बदलून टाका. आख्ख्या रांगेतल्या फिटिंग एकाच सेकंदाला बिघडल्या असणार, दुसरं काय! नवीन लावलेल्या पण तशाच करायला लागल्या की ब्रँड बदला, बाजारात ब्रँडना काय तोटा आहे.

कधी डिम होतात ती वेळ मात्र चुकूनसुद्धा लिहून ठेवू नका. लिहिलीत तर कळेल की मोठा कॉम्प्रेसर चालू होतो तेव्हाच होतंय, कारण डीओएल स्टार्टरवरची, म्हणजे थेट पूर्ण व्होल्टेजवर चालू होणारी मोटर उचलताना फुल लोडच्या सहा-सात पट करंट ओढते आणि तेवढा वेळ व्होल्टेज बसतं, मग उगाच मोटर कमी करंटवर उचलणाऱ्या स्टार-डेल्टा नाहीतर सॉफ्ट स्टार्टरचा खर्च गळ्यात. वेल्डिंग मशीन पण लाईटीच्याच फीडरवर (पुरवठ्याच्या केबलवर) असू द्या, खाली आर्क पडला की वर पण कळायला नको?

आता न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची परतीची सामाईक वायर. ह्याच्या वाटेला तर जाऊच नका. अर्ध्या लाईटी मंद आणि अर्ध्या नेहमीपेक्षा झगझगीत दिसतायत ना, मग सरासरी बरोबरच आहे की! न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड जास्त तिथे 230 चे 150-160 व्होल्ट होऊ शकतात आणि कमी लोडवाल्या बिचाऱ्या फेजला 300 च्या आसपास, त्यात ऑफिसचे कॉम्प्युटर त्याच फेजवर असतील तर ते पण गेले, पण हे सगळं मीटर लावला तर दिसणार, आणि मीटर कपाटात आहे, कपाटाची चावी सुपरवायझरकडे, आणि सुपरवायझर रजेवर.

पॅनलचं दार कुणी उघडलंच तर लगकडे (केबलच्या टोकाला बसवून बोल्टने आवळतात तो धातूचा तुकडा) निरखून बघू देऊ नका. बोल्टजवळचं इन्सुलेशन चॉकलेटी पडून टिचलंय, करपट वास येतोय, बोटाने हलवलं तर लग हलेल (चालू पॅनलमधे हलवायला जाऊ नका, एवढं मात्र खरंच सांगतोय). अशा वेळी वरून टेप गुंडाळायची, दोन वेढे जास्त, की झाकलं सगळं. सैल जॉइंटमधे 0.05 ओहम असेल आणि 100 अँपिअर जात असतील तर व्होल्टेज पडतं फक्त 5, त्याने काय होतंय! त्याच लगवर 500 वॅटची उष्णता निघते ती वेगळी, पण पॅनलचं दार बंदच असतं, कुणाला त्रास नाही. अॅल्युमिनियमच्या केबलला तांब्याचा लग ठोकून बसवलेला असेल तर राहू द्या, बायमेटॅलिक लग (दोन्ही धातू जोडून बनवलेला) वगैरे हौशी लोकांचे लाड.

आणि एवढं करूनही वरच्या साहेबांनी तापलेले जॉइंट दाखवणारा थर्मल कॅमेरावाला बोलवा म्हटलंच, तर बोलवा, पण सुट्टीच्या दिवशी, सगळ्या मशीन बंद असताना. लोडच नाही म्हटल्यावर रिपोर्ट एकदम थंडगार येतो, फाईलला लावायला पण छान दिसतो.