दोघांसाठी रांधणं परवडतं

‘घरात दोघंच असाल तर रात्रीचं रांधणं सोडा. नारळ, गॅस, वेळ आणि फुकट जाणारं उरलंसुरलं धरलं तर बाहेरून मागवलेलंच स्वस्त.’ हा मजकूर पणजी-मडगावकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतो आहे. नवी जोडपी तो खरा मानू लागली आहेत, म्हणून हे उत्तर.

गॅसचा हिशेब सोपा आहे. मोठी शेगडी पूर्ण आचेवर तासाला साधारण 200 ग्रॅम गॅस जाळते. अर्ध्या तासाच्या रांधपाला 100 ग्रॅम, म्हणजे 14.2 किलोच्या सिलिंडरचा 142वा भाग. मागवलेल्या जेवणावर 5 टक्के जीएसटी, पॅकिंगचे पैसे आणि पोचवण्याचे पैसे लागतात. ते त्या मजकुरात कुठेच धरलेले नाहीत.

वेळेचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण हुमणाला, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या माशांच्या आमटीला, वेळ लागतो हा समजच चुकीचा आहे. त्याला फोडणी नाही, कांदा परतणं नाही. पाऊण वाटी खवलेला नारळ, चार सुक्या मिरच्या, चमचाभर धणे आणि हळद मिक्सरला गुळगुळीत वाटायचं. त्यात पाणी, मीठ, तीन आमसुलं आणि ठेचलेली पाच-सहा तिरफळं (माशांच्या आमटीत घालायचं मसाल्याचं सुकं फळ) घालून उकळी आणायची आणि दोन बांगडे सोडायचे. तिरफळं वाटणात घालू नयेत, कडवट लागतात. सात-आठ मिनिटांत बांगडे शिजतात. उकडे तांदूळ सकाळी भिजत घालून गेलात तर संध्याकाळी कुकरला लावून बाकीचं होईपर्यंत भात तयार. मासे बाजारातच साफ करून घ्यावेत. दमून आलेल्या दोघांपैकी एकटीनंच हे सगळं करायचं असेल, तर तक्रार रास्त आहे. पण ती रांधपाची नाही, कामाच्या वाटणीची आहे.

उरलंसुरलं फुकट जातं, हे गोव्यात कुणी लिहावं याचं मला वाईट वाटतं. उरलेलं हुमण दुसऱ्या दिवशी आटवलं की दाट होतं, आणि पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, गरम पोईबरोबर (गव्हाच्या पावाबरोबर) कित्येकांना तेच जास्त आवडतं. उरलेल्या उकड्या भाताची सकाळी पेज होते. अर्धा उरलेला नारळ खवून फ्रीजरमध्ये ठेवावा.

नारळ महागला, हे मान्य. तरी दोघांच्या हुमणाला आख्खा नारळ लागत नाही. बेळगावहून येणारी भाजी गोवा सरकारच्या फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर बाजारापेक्षा स्वस्त मिळते, तिथून घ्यावी.

‘बंदीच्या दिवसांत मासेच परवडत नाहीत,’ असंही त्यात म्हटलं आहे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजी मासळी महाग असते, खरंच. पण आपल्याकडे मे महिन्यातच पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, भरून ठेवतात ती त्यासाठीच. मूठभर सुंगटं कोरडी भाजून चुरडायची, त्यात कच्चा कांदा, ओला नारळ, मिरची आणि आमसुलाचं पाणी कालवायचं. ही सुक्या मासळीची कोशिंबीर, म्हणजे किसमूर, पाच मिनिटांत होते. सोबत भात आणि साधं वरण पुरे. मासे न खाण्याच्या वारी मोड आलेले मूग कुकरला लावावेत, त्यांना वाटणही हुमणासारखंच लागतं.

ज्यांच्या भाड्याच्या खोलीत शेगडीच नाही, त्यांनी खुशाल मागवावं. त्यांचा हिशेब वेगळा आहे.