आधी धाकट्यांची शाळा

जानेवारी २०२२, कोविडची तिसरी लाट. पुण्यात मॉल उघडे, हॉटेलं निम्म्या क्षमतेने उघडी, नाट्यगृहं उघडी आणि शाळा बंद. ८ जानेवारीच्या सरकारी आदेशात जिम आणि ब्यूटी पार्लरही बंद होती. त्या धंद्यातल्या लोकांनी आवाज उठवला, दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती निघाली आणि पन्नास टक्क्यांवर तीही सुरू झाली. शाळांपुढची १५ फेब्रुवारी ही तारीख मात्र तशीच राहिली. पुढे २४ जानेवारीपासून शाळा उघडायची मुभा मिळाली आणि निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला गेला. मुंबईने लगेच उघडल्या. पुण्याने १ फेब्रुवारीपर्यंत थांबायचं ठरवलं.

यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोरात जुंपली. इथे डेन्मार्कच्या आर्हूस शहरात ५ जानेवारीपासून माझी दोन्ही मुलं शाळेत जाताहेत आणि देशात या आठवड्यांत रोज चाळीस हजारांवर रुग्ण सापडताहेत, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर एका मामेभावाने लिहिलं, ‘अठ्ठावन्न लाखांच्या देशाचं आम्हाला सांगू नकोस.’ आत्याने लिहिलं, ‘शिर सलामत तर पगडी पचास. एखादं वर्ष बुडालं तर काय बिघडतं?’

आत्याचं हे वाक्य मी दोन वर्षं ऐकते आहे. माणसं वेगवेगळी असतात, वाक्य तेच असतं. आणि प्रत्येक वेळी मला दादाची मुलगी आठवते. जून २०२० मध्ये ती पहिलीत गेली, म्हणजे कागदोपत्री गेली. आज ती दुसरीत आहे. १६ डिसेंबर २०२१ ला पुण्यात पहिलीपासूनचे वर्ग सुरू झाले तेव्हा ती पहिल्यांदा वर्गात बसली, मग नाताळची सुट्टी लागली आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात शाळेला पुन्हा कुलूप. जेमतेम काही दिवस. त्याच डिसेंबरात तिने दोन लग्नं आणि एक मुंज पाहिली. तिथल्या पंगतीत ती सुरक्षित होती आणि बाकावर बसली की धोक्यात येणार होती, हे गणित मला कुणी समजावून सांगावं.

तुलना आम्ही परदेशातले करतो तशी तिकडचेही करतात, आणि चुकीची करतात. २० जुलै २०२१ ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव म्हणाले की लहान मुलं विषाणूला चांगलं तोंड देतात, शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून उघडाव्यात, आणि काही स्कँडिनेव्हियन देशांनी तर कुठल्याच लाटेत प्राथमिक शाळा बंद केल्या नव्हत्या. सल्ला अगदी योग्य होता. त्याच दिवशी जाहीर झालेल्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्त तपासून केलेल्या पाहणीत, सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांमध्ये प्रतिपिंडं सापडली होती. म्हणजे शाळा बंद असूनही निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता. पण ‘स्कँडिनेव्हियात शाळा बंदच झाल्या नाहीत’ हे तेव्हापासून जो तो सांगत सुटला. ते स्वीडनचं झालं. डेन्मार्कने मार्च २०२० मध्ये शाळा बंद केल्या, २०२१ उजाडताना पुन्हा केल्या, आणि डिसेंबर २०२१ मध्येही पहिली ते दहावीची मुलं १५ तारखेपासून नाताळच्या सुट्टीपर्यंत घरीच होती. आम्हीही घाबरलो होतो. इथला फरक धाडसाचा नाही, क्रमाचा आहे.

१५ एप्रिल २०२० ला इथे शाळा उघडायला सुरुवात झाली ती पाचवीपर्यंतची आणि पाळणाघरांची. वरचे वर्ग महिनाभर घरी थांबले आणि १८ मेला आले. कारण साधं होतं. चौदा वर्षांचा मुलगा घरी एकटा बसून अभ्यास करू शकतो, सहा वर्षांची मुलगी नाही. आणि ती घरी असली की तिच्या आई-बापांपैकी एकाला काम सोडावं लागतं. तेव्हा लस कुणालाच नव्हती, म्हणून ‘तुमच्याकडे पाच वर्षांच्या मुलांनाही लस आहे’ हे मला ऐकवू नका. इथेही पालक चिडले होते. ‘माझं मूल प्रयोगाचा उंदीर होणार नाही’ अशा अर्थाच्या फेसबुक ग्रुपमध्ये हजारो लोक सामील झाले. माझ्या मुलाच्या वर्गाचे तीन गट केले, बाकं दोन-दोन मीटरवर लावली, मैदानावर फिती मारून प्रत्येक गटाची जागा आखली. आई-बाप फाटकापाशीच थांबायचे. सतत हात धुऊन मुलांच्या हातांना भेगा पडल्या. निम्मे धडे बाहेर झाले, रेनकोट घालून. बाकी सूचना आउलावर, म्हणजे शाळा आणि पालकांच्या इथल्या अ‍ॅपवर, येत राहिल्या.

महाराष्ट्राने नेमकं उलट केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवी, मग दुसरी लाट. ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा मोठे वर्ग आधी. पहिली ते चौथीला डिसेंबर उजाडला. बोर्डाची परीक्षा ज्यांना आहे ते आधी, हा त्यामागचा विचार. ज्या मुलीला अजून अक्षरं जुळवता येत नाहीत, तिला वीस महिने फोनवर ठेवलं. तेही फोन असला तर. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत जाऊन मुलांशी बोलून पाहिलं. खेड्यांतली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती, ३७ टक्के अजिबात शिकत नव्हती. ‘एखादं वर्ष बुडालं तर काय’ म्हणणाऱ्यांच्या घरात वायफाय असतं. ऊसतोडीला निघालेल्या आई-बापांना, मुलाला गावात मागे ठेवायला शाळा हेच तर कारण असतं. शाळाच बंद म्हटल्यावर तो फडावर जाणार.

पटसंख्येचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळत नाही. इथे वर्गात अठ्ठावीसच्या वर मुलं सहसा घेत नाहीत, पुण्यात पन्नास-साठ असतात. पण दोन सत्रांत शाळा भरवणं महाराष्ट्राला कुणी शिकवायची गरज नाही. मी स्वतः सकाळच्या सत्रात शिकले आहे. एक दिवसाआड निम्मी मुलं बोलावता आली असती. आणि हवा! इथे जानेवारीत खिडक्या उघडून मुलं जॅकेट घालून गणितं सोडवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेला व्हरांडा असतो, पटांगण असतं, बहुतेक ठिकाणी एखादं झाड असतं. जून २०२१ मध्ये हिवरे बाजारने सरकारची वाट न पाहता मुलांना शाळेत बसवलं. पुढच्या महिन्यात सरकारने कोविडमुक्त गावांसाठी नियम काढले: एका बाकावर एक विद्यार्थी, बाकांमध्ये सहा फूट, वर्गात पंधरा-वीस जण. उत्तम नियम होते. ते आठवी ते बारावीसाठी होते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. नेहमी शांत असणाऱ्या दादाने उत्तर दिलं, ‘तू इथे नव्हतीस.’

नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, काका गेले तेव्हा दादा दोन रात्री बेड शोधत फिरत होता, आणि तिसऱ्या रात्री रेमडेसिविरसाठी रांगेत होता. मी इथून फोन लावत होते, नंबर पाठवत होते, त्यातले अर्धे लागत नव्हते. अंत्यविधी मी व्हिडिओवर पाहिला. त्याच आठवड्यात माझ्या मुलाचा वर्ग जंगलात गेला होता आणि शेकोटीवर भाजलेल्या पावाचे फोटो आउलावर आले होते. ते फोटो मी ग्रुपवर टाकले नाहीत. इथे काही झालं तर इस्पितळात खाट मिळेल, ही खात्री माझ्या हाडीमासी भिनली आहे आणि माझं सगळं बोलणं त्या खात्रीवर उभं आहे. दादाकडे ती नाही. ती त्याच्याकडे नाही यात त्याचा काडीचा दोष नाही. त्याने पाहिलेलं मी पाहिलेलं नाही, आणि ते न पाहता मी त्या घरातली म्हणून किती बोलावं, हे मला खरंच ठरवता येत नाही. इथल्या पालकसभेत मी परकी, तिथल्या भांडणात पाहुणी.

तरीही मी गप्प बसणार नाही, कारण ती मुलगी माझीही आहे. बेड न मिळण्याची भीती खरी आहे, पण तिचं ओझं सात वर्षांच्या पोरीने वाहायचं आणि मॉलने वाहायचं नाही, हे मला मान्य नाही. धोका घ्यायचाच असेल तर तो वर्गासाठी घ्या, हॉटेलं महिनाभर बंद ठेवा. वहिनीला हे पटलं आहे. तिने शाळेत जाऊन बाईंना विचारलं की खिडक्या उघड्या ठेवणार का, डबा वर्गात खायचा की पटांगणात, आणि शिक्षकांचे दोन्ही डोस झालेत का. तिन्ही उत्तरं समाधानकारक मिळाली. शाळेचं संमतीपत्र घरी आलं आहे. दादाने अजून सही केलेली नाही. मंगळवारपर्यंत मुदत आहे, आणि आज रात्री मी त्याला पुन्हा फोन करणार आहे.