‘आवाज गेला की भजन’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक रॉबर्ट प्लँट याच्या ‘सेव्हिंग ग्रेस’ (२०२५) या अल्बमवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्याखाली धुळ्याच्या एका वाचकाने ‘झेपेलिनवाला’ या नावाने प्रतिक्रिया टाकली आहे. दोघा-तिघा मित्रांनी फोन करून सांगितलं, उत्तर देत बसू नका. तरी देतोय, कारण मला ते वाक्य दोन दिवस सुटलेलं नाही. प्रतिक्रिया अशी :

“काका, आवाज गेला की सगळेच लोकगीतांकडे वळतात. म्हातारपणी भजनाला बसावं तसं. लोकांना झेपेलिनचं ‘काश्मीर’ ऐकायचंय, आणि हा बाबा बँजोवाले घेऊन फिरतोय. बरं, दहा गाण्यांत पारंपरिक तीनच आहेत, ती तरी मोजायची होती. झेपेलिनने काळ्या गायकांची गाणी नाव न देता खिशात घातली, त्यावर तुमची एक ओळ नाही. कानबाई देवीच्या मिरवणुकीत डीजेवर अहिराणी गाणी वाजली तर तुम्ही गळा काढता, गोऱ्याने तेच केलं की ओवाळता. अमळनेरात बसून वेल्सच्या डोंगरांच्या गप्पा आता पुरे.”

झेपेलिनवाला भाऊ, मतभेद असू द्या, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण ‘गळा काढता’, ‘ओवाळता’, ‘गप्पा पुरे’ ही काय बोलायची रीत झाली? बसस्टँडवर समोरासमोर चहा घेताना तुम्ही माझ्याशी असं बोलला असतात का? नसतात बोलला. मग नाव झाकलं की जीभ सैल सोडायची, हे मला पटत नाही. तुम्ही संगीत मनापासून ऐकता हे तुमच्या प्रतिक्रियेतूनच दिसतं, म्हणून जास्त वाईट वाटलं.

एक गोष्ट आधी मान्य करतो. ‘अ‍ॅज आय रोव्ह्ड आउट’, ‘आय नेव्हर विल मॅरी’ आणि ‘गॉस्पेल प्लाउ’ ही ठळकपणे पारंपरिक गाणी तीनच. बाकीच्यांना कर्ते आहेत, ‘एव्हरीबडीज साँग’ तर लो या बँडचं २००५चं. तेव्हा ‘लोकगीतांचा अल्बम’ऐवजी ‘जुन्या-नव्या उसन्या गाण्यांचा अल्बम’ असा बदल मी मथळ्यात केला आहे. पण ‘सोल ऑफ अ मॅन’ ब्लाइंड विली जॉन्सनने १९३० साली रेकॉर्ड केलं आणि ‘शेव्हरोले’चं मूळ मेम्फिस मिनी या जुन्या ब्लूज गायिकेपर्यंत जातं. इतकी वर्षं तोंडोतोंडी फिरलेल्या गाण्याला लोकांचं गाणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? असो, मोजणी तुमची बरोबर.

आता त्या वाक्याकडे येतो. ‘आवाज गेला की सगळेच लोकगीतांकडे वळतात.’

भाऊ, १९७० साली प्लँट २२ वर्षांचा होता. आवाज असा की आजही तरुण गायक त्याची नक्कल करताना घसा बसवून घेतात. त्याच वर्षी तो आणि झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज वेल्समधल्या एका घरात जाऊन राहिले. घरात वीज नव्हती. त्यानंतर आलेल्या तिसऱ्या अल्बमवर ‘गॅलोज पोल’ आहे. ते किती जुनं असेल ते असो, लेड बेली या अमेरिकन लोकगायकाने ते १९३९ साली गायलं होतं आणि युरोपभर त्या कथेची रूपं सापडतात. झेपेलिनच्या रेकॉर्डवर ‘पारंपरिक’ असंच छापलेलं आहे. म्हणजे आवाज अगदी चढाला असताना हा माणूस लोकगीत गात होता. २०१० साली ‘बँड ऑफ जॉय’मध्ये पारंपरिक गाणी, २०१४ साली ‘लिटल मॅगी’. मग हा ‘वळला’ कधी? तो त्या रस्त्यावरून कधी उतरलाच नव्हता.

आणि ‘काश्मीर’चं म्हणाल तर १० डिसेंबर २००७ला लंडनमध्ये झेपेलिन पुन्हा उभी राहिली. सगळं जग म्हणत होतं, दौरा काढा. त्याच वर्षी प्लँटचा अमेरिकन गायिका अ‍ॅलिसन क्राउसबरोबरचा ‘रेझिंग सँड’ आला होता, आणि पुढच्या वर्षी तो क्राउसबरोबर दौऱ्यावर गेला. झेपेलिनबरोबर किती पैसा मिळाला असता याचा विचार करा. आवाज गेलेला, पर्याय नसलेला माणूस असं करत नाही. त्या अल्बमला २००९ साली वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, हेही जाता जाता.

पण मला खरं लागलं ते पुढचं. ‘म्हातारपणी भजनाला बसावं तसं.’

आमचे आबा भजनाला बसले तेव्हा त्यांना मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं. दिवसपाळी असो की रातपाळी, गिरणीतून घरी येऊन अंगावरचा कापूस झटकायचा, दोन घास खायचे आणि मंदिरात जायचं. कार्तिकातल्या काकड्याला पहाटे एवढी थंडी की टाळ हातात घ्यायला नको वाटायचं, पण आबा पहिल्या अभंगाला हजर. तरुणपणी ते काळी चारमध्ये गायचे. आवाज खिडकीतून रस्त्यापर्यंत यायचा. सत्तरीनंतर तो चढ राहिला नाही. एका एकादशीला मी शेजारी बसलो होतो. पेटीवाल्या अण्णांनी आबांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता बोटं डावीकडे नेली, सूर काळी एकवर आणला. आबांनी मान हलवली आणि सुरुवात केली. त्या दिवशी त्यांनी जो अभंग म्हटला तो मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि त्याचा दुसरा चरण मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळला. चढ्या सुरात तो निसटून जायचा. खाली आल्यावर शब्द शब्द उभा राहिला.

त्या मंडळातल्या एकाही माणसाने ‘आबांचा आवाज गेला’ असं म्हटलं नाही. म्हणालाच नसता कोणी. तुम्ही ज्याला शेवटचा आसरा समजता ते भजन म्हणजे आमच्याकडे आयुष्यभराची तालीम आहे. तुम्ही प्लँटवर बोला, माझ्यावर बोला. पण भजनाला बसणाऱ्यांना उगाच खाली ओढू नका. धुळ्यात राहून हे सांगावं लागतंय याचं आश्चर्य वाटतं.

प्लँटचा आजचा आवाज ऐका. ऑगस्ट २०२५मध्ये तो ७७ वर्षांचा झाला. ‘एव्हरीबडीज साँग’मध्ये तो माइकच्या अगदी जवळ, दबक्या आवाजात गातो आणि सहगायिका सूझी डियानचा आवाज सोबत येतो. वरची पट्टी तिची, खालचा भार त्याचा. ओरडणं नाही, म्हणून ओळ ऐकू येते. तुम्हाला हे आवडत नसेल तर नका ऐकू. पण ‘आवाज गेला’ हा निकाल देण्याआधी गाणं पूर्ण ऐकलं होतंत का, एवढं प्रामाणिकपणे सांगा.

‘अमळनेरात बसून’ हेही मला कळलेलं नाही. याच गावात १९१६पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, जगभरचं तत्त्वज्ञान इथे बसून वाचलं आणि लिहिलं गेलं. गाण्याला तेवढी बंदी का? माझ्या हातात झेपेलिनची पहिली कॅसेट आली ती भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या मित्राकडून. इंग्रजी धड कळत नव्हतं, पण ‘गॅलोज पोल’मध्ये काय चाललंय ते मला समजलं होतं. फासावर जाणारा माणूस फाशी देणाऱ्याला थांबवतो, मित्र येतात, मग भाऊ येतो, मग बहीण येते, आणि प्रत्येकाला विचारणं, काय आणलंस? आमच्या बहिणी गुलाबाईच्या गाण्यांत हेच म्हणायच्या. माहेरी जायचंय म्हणून सून सासूकडे जाते, सासू सासऱ्याकडे धाडते, सासरा दिराकडे, आणि उत्तर काही मिळत नाही. एक एक नातं पुढे येतं आणि दार बंद होतं. झेपेलिनच्या गाण्यात शेवटी सगळं घेऊनही फाशी होतेच. हे समजायला वेल्सला जायची गरज पडली नाही. गुलाबाईच्या गाण्यांवर वाढलेल्या माणसाला ते लगेच समजतं.

आणि प्लँटही काही आपल्या डोंगरात बसून राहिला नव्हता. १९७२ साली तो आणि पेज मुंबईत येऊन आपल्याकडच्या वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ रेकॉर्ड करून गेले. ती ध्वनिमुद्रणं २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आली. जमलं तर ऐका.

काळ्या गायकांच्या श्रेयाबद्दल : ब्लूज गीतकार विली डिक्सनला १९८५ साली झेपेलिनविरुद्ध कोर्टात जावं लागलं आणि पुढे तडजोड झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. मी ते कधी नाकारलेलं नाही. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’वर मेम्फिस मिनीचं नाव पहिल्यापासून आहे, तेही सांगायचं होतंत. पण माझा लेख २०२५च्या अल्बमवर होता, चाळीस वर्षांपूर्वीच्या खटल्यांवर नव्हता. प्रत्येक लेखात सगळं आलं पाहिजे असा हट्ट असेल तर लिहिणंच बंद करावं लागेल.

डीजेचं थोडक्यात. अहिराणी गाणी नव्या वाद्यांवर वाजली याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, तो लेख पुन्हा वाचा. आमच्याकडे कानबाईच्या रात्री आजी गाणं उचलायची, तिचा दम संपला की सुना झील धरायच्या, मग पुढची ओळ कोणाचीही. कोणी विचारलं, आजी, हे गाणं तुझं का, तर म्हणायची, “मन्हं नही शे. ज्याले येस त्यानं शे.” (माझं नाही, ज्याला येतं त्याचं आहे.) डीजेच्या गाडीसमोर झील धरायला जागाच राहत नाही. म्हाताऱ्या बाया कानावर पदर धरून मागे चालतात. सहा माणसांच्या बँडमध्ये सगळे एकमेकांचं ऐकत गातात, तिथे ती जागा आहे. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर मी आणखी काय समजावणार? यावर वाद घालत बसायची माझी इच्छा नाही.

अल्बम २६ सप्टेंबर २०२५ला आला. त्यातलं ‘आय नेव्हर विल मॅरी’ पूर्ण ऐका आणि इथेच लिहा. गाणं कुठे पडलं, आवाज कुठे उणा पडला, कुठल्या ओळीला, ते नेमकं लिहा. शिव्या वगळून लिहिलंत तर तुमच्या प्रत्येक ओळीला उत्तर देईन. आणि या वेळी खाली स्वतःचं नाव लिहा.