मागचा रेशो किती?

"मागचा रेशो किती?"

जुन्या गाड्यांचा मेळावा होता. मी माझ्या १९६७ च्या फोर्ड मस्टँगचं बॉनेट उगाचच फडक्याने पुसत उभा होतो, आणि हा प्रश्न विचारणारे गृहस्थ गाडीच्या मागच्या बाजूला उकिडवे बसले होते. तिथेच मला शंका यायला हवी होती. गाडी बघायला येणारे साधे लोक पुढून येतात, हेडलाइटशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि जातात. मागून वाकून बघतात ते जाणकार. त्यांच्यापासून लांब राहावं.

"मागचा म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी आयुष्यात आधी एकदाच पाहिली होती. मुलाच्या शाळेत. तो कुठल्या तुकडीत आहे हे मला आठवेना, तेव्हा.

"डिफरन्शियलचा हो. आणि फॅक्टरीतून काय काय ऑप्शन लागून आले होते?"

"सगळं ओरिजिनल आहे," मी छाती पुढे काढून म्हणालो. हे वाक्य मला गाडी विकणाऱ्याने गाडीबरोबर फुकट दिलं होतं आणि गेली सहा वर्षं मी ते पॉलिशइतक्याच सढळ हाताने वापरत होतो. गृहस्थ "हं" म्हणाले आणि पुढच्या गाडीमागे जाऊन बसले. त्या "हं"ने माझे पुढचे दोन महिने खाल्ले.

तर रेशो म्हणजे काय, हे आधी माझं मलाच समजून घ्यावं लागलं. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट मागच्या ॲक्सलमधल्या पिनियन या लहान दातेरी चाकाला फिरवतो, पिनियन क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं आणि क्राऊनबरोबर चाकं फिरतात. शाफ्टचे तीन फेरे झाले की चाकाचा एक होत असेल, तर रेशो ३.००. आकडा मोठा असला की गाडी सिग्नलवरून उडी मारून निघते आणि हमरस्त्यावर जीव खाऊन ओरडते. लहान असला की निघताना आळस देते, पण पुढे मुकाट धावते. त्या काळी एकाच इंजिनाच्या गाडीला गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे वेगवेगळे रेशो मिळायचे. त्यामुळे गाडीकडे नुसतं बघून काही कळत नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी जी करामत ॲक्सलच्या मधल्या फुगीर गोळ्यात असते, ती खरी डिफरन्शियल. तिचं पेटंट १८२७ साली ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी घेतलं. घड्याळजीने केलेली वस्तू आहे म्हटल्यावर ती सरळ उत्तर देणार नाही, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पहिला साक्षीदार म्हणजे ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला रिबेटने ठोकलेली लहानशी पट्टी. तिच्यावर बॉडी, रंग, आतलं कापड, तारीख, ॲक्सल, गिअरबॉक्स अशी सगळी कुंडली कोडमध्ये कोरलेली असते. मी भिंग घेऊन बसलो. खालचा नंबर 'सात, आर, शून्य एक, सी' असा सुरू होत होता. सात म्हणजे १९६७, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, शून्य एक म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे २८९ क्युबिक इंचाचं, दोन बॅरल कार्ब्युरेटरचं व्ही-आठ इंजिन. इथवर सगळं जुळलं. ॲक्सलच्या खाली एकच आकडा होता: १.

कोडांचा तक्ता मिळवला. एक म्हणजे २.७५. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगितलं, "दोन पॉइंट पंच्याहत्तर."

"कोणाला ताप आहे?" ती म्हणाली.

रात्री झोपताना तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं साल दिसलं. १९६८. माझ्या गाडीच्या सालात त्याच एकचा अर्थ ३.०० होतो. एका वर्षात त्यांनी आकडे तेच ठेवून अर्थ बदलले. ज्याने कोणी हे ठरवलं, त्याला पन्नाससाठ वर्षांनी कोणीतरी भिंग घेऊन बसेल याची कल्पना नसणार. असती तरी त्याने हेच केलं असतं असं मला वाटतं.

बरं, ॲक्सलवरून नजर सरकली ती रंगावर. रंगाच्या खाली 'वाय' होता. त्या वर्षी वाय म्हणजे गर्द शेवाळी हिरवा. माझी गाडी लालभडक आहे. "जन्मापासून लाल," असं विकणारा म्हणाला होता. मी डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या मागे टॉर्च मारला. तिथे तळहाताएवढ्या जागेत हिरवा रंग शांतपणे बसला होता. मी गालिचा परत टाकला आणि याबद्दल घरात कोणाला काही बोललो नाही.

पट्टी फक्त इतकंच सांगते की कारखान्यातून निघताना आत काय होतं. आज काय आहे ते ॲक्सललाच विचारावं लागतं. त्यासाठी गोळ्याच्या एका बोल्टखाली पत्र्याची छोटी चिठ्ठी अडकवलेली असते. तिच्यावर रेशो कोरलेला असतो, आणि दोन्ही चाकांना एकदम जोर देणारं लॉकिंग डिफरन्शियल असेल तर दशांशचिन्हाच्या जागी 'एल' असतो. मी जॅक लावला, स्टँड लावले, पाठीखाली पुठ्ठा घेतला आणि तारेच्या ब्रशने एकेक बोल्ट घासला. पन्नास वर्षांचं तेल, माती आणि डांबर यांचा एक थर माझ्या चष्म्यावर आला. ज्यांनी गिअर ऑइलचा वास घेतला आहे त्यांना सांगायला नको. त्यात गंधक असतं, आणि ते केसांतून तीन आंघोळींनी जात नाही. दहाच्या दहा बोल्ट उघडे केले. चिठ्ठी एकालाही नव्हती.

चिठ्ठी नसणं हीही एक माहिती असते, हे मला मागाहून कळलं. कोणीतरी गोळा उघडला होता आणि परत लावताना चिठ्ठी फेकून दिली होती.

"मागचं झाकण काढ आणि दात मोज," असा सल्ला मला चार जणांनी दिला. मी झाकण शोधत अर्धा तास गाडीखाली होतो. माझ्या ॲक्सलला मागे झाकणच नाही. हौजिंग, म्हणजे बाहेरचं कवच, मागून गुळगुळीत आहे, नारळासारखं. आतला सगळा संसार पुढच्या बाजूने निघतो, तोही तेल काढून आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट बाहेर ओढून. चौघांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं, पण आवाज मात्र चौघांचा खात्रीचा होता.

मग उरला तो गरिबाचा मार्ग. एक मागचं चाक उचलायचं, गिअर न्यूट्रलला टाकायचा, टायरवर आणि शाफ्टवर खडूने रेघ मारायची, चाक हाताने एक फेरा फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजायचं. पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावले. बायकोला बाजूला चटईवर आडवं व्हायला लावलं, कारण शाफ्टवरची रेघ तिथूनच दिसत होती. ती या कामाला का तयार झाली, हे मी विचारलं नाही. मिळालेल्या मदतीची चौकशी करू नये.

"फिरव," ती म्हणाली. मी फिरवलं. "एक... आणि अर्धा. आणि थोडं."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे थोडं. मीठ घालतो तितकं."

एक पॉइंट सहा. असा रेशो जगातल्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. दहादा फिरवलं, दहादा तेच. माझ्या गाडीच्या पोटात कोणीतरी आगगाडीचं काहीतरी बसवलं आहे, अशी माझी खात्री होऊ लागली. शेवटी काकांना फोन लावला. आमचे हे काका जन्मभर गिअर कापण्याच्या कामात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही चकली हातात घेतली की आधी तिचे काटे मोजतात.

"दुसरं चाक काय करत होतं?" काकांनी विचारलं.

"काही नाही. जमिनीवर उभं होतं."

"मग अर्ध्या फेऱ्यांवर त्याचा हक्क आहे ना रे! एक चाक थांबलेलं असलं की दुसऱ्याच्या एका फेऱ्याला क्राऊन अर्धाच फिरतो. दोन फेरे फिरव. आणि एकदाच मोजून काय आकडे सांगतोस? वीस फेरे फिरव, मग शाफ्टचे मोज आणि दहाने भाग. चूक असेल तीही दहाने भागली जाईल."

वीस फेरे. दोनदा मध्येच बेल वाजली, एकदा बायकोला शिंक आली आणि सतराव्या फेऱ्याला "आता सतरा की अठरा?" यावरून आमच्यात जे बोलणं झालं त्याचा रेशोशी संबंध नव्हता. चौथ्या खेपेला ती शेवटपर्यंत मोजत गेली. "तीस... एकतीस... बत्तीस..." खडूची रेघ तिच्या समोरून खाली गेली आणि शाफ्टच्या बरोबर पोटाशी थांबली. "आणि अर्धा. बरोब्बर अर्धा. मीठ नाही."

बत्तीस पॉइंट पाच भागिले दहा. ३.२५.

काकांना कळवलं. "म्हणजे क्राऊनला ३९ आणि पिनियनला १२ दात असणार," ते म्हणाले आणि लगेच नाराज झाले. "दोघांना तीनने भाग जातो. म्हणजे पिनियनच्या प्रत्येक दाताची गाठ क्राऊनच्या तेराच दातांशी पडत राहणार, आयुष्यभर. ४१ आणि ११ असते तर सगळे सगळ्यांना भेटले असते. झीज सारखी झाली असती." काकांना त्या दातांच्या एकलकोंडेपणाचं इतकं वाईट वाटलं, की ज्याची गाडी त्या माझी विचारपूस करायचं राहूनच गेलं.

तर गाडी जन्मली ३.०० घेऊन आणि मधल्या कुठल्यातरी मालकाने ३.२५ चा गोळा बसवला. बसवला तर बसवला. पण स्पीडोमीटरची केबल निघते गिअरबॉक्सच्या शेपटाकडून. मागचा गोळा बदलला हे तिला कोणी सांगत नाही. ती शाफ्टचे फेरे मोजते आणि जुन्या हिशोबाने वेग दाखवते. ३.२५ भागिले ३.००, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर खोटं. काटा पासष्टवर असताना मी प्रत्यक्षात साठने जात होतो.

सहा वर्षं. सहा वर्षं मी हमरस्त्यावर पासष्टने जातोय या समजुतीत मागून येऊन हॉर्न मारणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याच्या बेदरकारपणावर भाष्य केलं होतं. बायकोला त्यातली बरीच भाष्यं तोंडपाठ होती. तिने ती त्या संध्याकाळी एकेक करून मला परत ऐकवली.

आता राहिले ऑप्शन. गाडी जोडताना कुठला भाग लावायचा हे कामगारांना कळावं म्हणून एक कागद गाडीबरोबर फिरायचा. काम झालं की तो पुष्कळदा सीटच्या स्प्रिंगांत किंवा गालिच्याखाली तसाच राहून जायचा. तो सापडणं म्हणजे घबाड. मी मागचं सीट काढलं. एक केसांची पिन, अर्धी पेन्सिल, आणि स्प्रिंगांच्या कोपऱ्यात उंदराचं एक रिकामं घरटं. घरटं कागदाचं होतं. चिमट्याने एकेक कपटा सोडवून पांढऱ्या कापडावर मांडला. पिवळट कागद, छापील चौकटी, टाइप केलेली अक्षरं. शंकाच नको, तोच कागद. सगळ्यात मोठ्या तुकड्यावर एक चौकट संपूर्ण शाबूत होती, आणि ती रिकामी होती.

नशीब इतकंच की गाडी १९६७ ची आहे. त्या वर्षापासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी केव्हिन मार्टी यांच्याकडे आहेत. गाडीचा नंबर कळवला की ते अहवाल पाठवतात. गाडी एक वर्ष आधीची असती तर मी आणि उंदीर, दोघंच उरलो असतो. अहवाल आला. रंग, शेवाळी हिरवा. ॲक्सल, ३.००. ऑप्शन: पॉवर स्टिअरिंग, एएम रेडिओ, टिंटेड काचा. बस. मी ज्या काळ्या व्हिनाइलच्या छताला दर महिन्याला क्रीम चोळत होतो ते त्यात नव्हतं. ज्या कन्सोलवर मुलाला हात ठेवू देत नव्हतो, का तर ओरिजिनल आहे, तेही नव्हतं. पहिला मालक काटकसरी माणूस असावा. त्याने गाणी ऐकायची, ऊन टाळायचं आणि हात दुखू द्यायचे नाहीत एवढंच मागितलं होतं. मला तो एकदम आवडला.

गोळा बदलायचा विचार मी सोडून दिला. ३.२५ ने गाडी चढावर छान खेचते, आणि ते दहा बोल्ट पुन्हा बघायची माझी इच्छा नाही. फक्त गिअरबॉक्सच्या शेपटातलं स्पीडोमीटरचं प्लास्टिकचं छोटं गिअर बदललं. जास्त दातांचं, बोटाच्या पेराएवढं, दहा मिनिटांचं काम. आता साठला साठ दाखवतं.

परवा पहिल्यांदाच हमरस्त्यावर नेली. काटा साठवर स्थिर. मी कौतुकाने बायकोकडे पाहिलं. तिने वाकून काटा बघितला, मागून येणारा ट्रक बघितला आणि म्हणाली, "दोन महिने गाडीखाली होतास ना? आधी पासष्टने जायची."