स्वस्तातलं ॲनालॉग ड्रम मशीन घ्यावं का? घ्यावं. पण आधी केबल बघा

आज सकाळी एका मित्राची पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. हौसेने ॲनालॉग ड्रम मशीन (सर्किटमधून ड्रमचे आवाज घडवणारं यंत्र) घेतलं आणि लगेच विकायलाही काढलं. कारण काय, तर "किकमध्ये दमच नाही, लॅपटॉपवरचे फुकटचे सॅम्पल यापेक्षा बरे." (किक म्हणजे तालातला तो जाड 'धप्प', सॅम्पल म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज.) खाली सगळे 'बघ, सांगितलं होतं ना' म्हणत जमलेले. पोस्टबरोबर त्याने जोडणीचा फोटोही टाकला होता. मशीनच्या हेडफोन आउटपुटमधून स्टिरिओ केबल निघते आणि सरळ ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) एका बॅलन्स्ड इनपुटात शिरते. इतक्या लोकांनी फोटो पाहिला, पण एकाचंही त्या केबलकडे लक्ष जाऊ नये?

अरे बाबा, बॅलन्स्ड इनपुट टिप (पिनेचं टोक) आणि रिंग (टोकामागचं कडं) यांच्यातला फरक तेवढा घेतो. हेडफोन आउटपुटमध्ये टिपवर डावी बाजू असते, रिंगवर उजवी. किक असते मधोमध, म्हणजे दोन्हीकडे अगदी तीच. तिच्यातून तीच वजा झाल्यावर उरणार काय? दोन बाजूंत जो किरकोळ फरक असेल तेवढी खरखर, आणि एखादा आवाज बाजूला पॅन केलेला असला तर तो. मशीनचा यात काडीचा दोष नाही. ३.५ मिमी स्टिरिओवरून दोन ६.३५ मिमी मोनो पिना निघणारी वाय केबल घ्या, दोन इनपुट वापरा, दोन्ही लाइन सेटिंगवर ठेवा. एकच इनपुट मोकळा असेल तर एकच पिन लावा आणि दुसरी तशीच सोडा. दोन्ही पिना एकत्र जोडून 'मोनो' करू नका, त्यात दोन आउटपुट एकमेकांवर जोर करत बसतात.

हे सगळं सांगितलं कारण 'घेण्यासारखं आहे का' या प्रश्नावर लोक आवाजाबद्दल भांडतात आणि जोडणीचा विचार कुणी करत नाही.

आवाजाचंच म्हणाल तर 'ॲनालॉगची ऊब' हे प्रकरण मला आता सहन होत नाही. कोर्गच्या व्होल्का बीट्स या छोट्या मशीनमध्ये किक, स्नेअर, टॉम आणि हाय-हॅट (मिटणाऱ्या झांजांची जोडी) ॲनालॉग आहेत. क्लॅप, क्लेव्हज, अगोगो आणि क्रॅश सॅम्पल आहेत. रोलंडच्या ज्या टीआर-९०९ ला लोक देव मानतात, त्या १९८३ च्या मशीनमध्येही हाय-हॅट आणि सिंबल ६ बिटचे सॅम्पलच होते. रोलंडचं छोटं टीआर-०८ तर पूर्ण डिजिटल आहे. तेव्हा शुद्धतेचा सोवळेपणा सोडा. तयार गाण्यात ८०८ चा (रोलंडचं जुनं ॲनालॉग टीआर-८०८) चांगला सॅम्पल आणि खरं सर्किट यातला फरक ऐकणाऱ्याला कळत नाही, हेही मान्य. मान्य, पुढे चला.

फरक कळतो तो वाजवणाऱ्याच्या हाताला. ८०८ पद्धतीची किक म्हणजे एक ब्रिज्ड-टी सर्किट. त्याला ट्रिगरचा छोटा धक्का बसतो, ते ५० हर्ट्झच्या आसपास घुमतं आणि हळूहळू विरतं. डिकेचा नॉब त्या विरण्याला लांबवतो. आता १२० च्या टेम्पोवर दर ठोक्याला किक टाका. दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंदांचं अंतर आहे (६०,००० भागिले टेम्पो, कुठल्याही लयीला हाच हिशेब). डिके त्यापेक्षा लांबवला की आधीची किक अजून घुमत असतानाच पुढचा धक्का येतो. तो लाटेच्या चढावर पडला की उतारावर, यावर त्या ठोक्याचा आवाज ठरतो. त्यामुळे ठोका ठोक्यागणिक जरा बदलू शकतो. सॅम्पलर मात्र तीच फाइल पुन्हा पुन्हा वाजवतो. डिके हळूहळू मागे आणत जा. एका जागी येऊन बासला अचानक श्वास घ्यायला जागा मिळते. ती जागा आकडा बघून सापडत नाही, कानाने आणि बोटाने सापडते. हे माऊसने होतं असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं, कारण त्यांनी ते कधी करून पाहिलेलंच नसतं.

परत त्या मित्राकडे येते. त्याचं दुसरं गाऱ्हाणं होतं की 'मिक्समध्ये सगळा चिखल होतो.' होणारच. एकाच स्टिरिओ आउटपुटवर रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) टाकला तर स्नेअरबरोबर किकही रिव्हर्बमध्ये बुडते. म्हणून घेण्याआधी मशीनची मागची बाजू बघा. आर्टुरियाच्या ड्रमब्रूट इम्पॅक्टला किक, स्नेअर, हाय-हॅट आणि एफएम ड्रम यांचे वेगळे आउटपुट आहेत. बेरिंजरच्या आरडी-६ लाही वेगळे आउटपुट आहेत. व्होल्काला एकच आहे. तिथे उपाय असा की मशीन सिंकवर (लॅपटॉपच्या लयीला बांधून) चालवा, बाकीचे आवाज म्यूट करा आणि किक, स्नेअर, हॅट एकेक करून किमान ८ बार (तालाची आवर्तनं) रेकॉर्ड करा. पीक उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, २४ बिटमध्ये त्याहून वर रेटायची काहीच गरज नाही. वेळ लागतो, हो. आणि व्होल्काचा स्नेअर मुळातच पिचका आहे, तेही खरं. त्याच्यावर क्लॅपचा थर चढवा किंवा स्नेअर दुसरीकडून आणा.

सिंकमध्ये तर लोक हमखास अडकतात. कोर्गचा सिंक पाव नोटला (एका ठोक्याला) २ पल्स देतो, मिडी क्लॉक (वाद्यांना लय सांगणारा डिजिटल संकेत) २४ देतो. मशीन २ ची वाट बघत असताना समोरून ४ आले की ते दुप्पट धावतं, १ आला की अर्ध्या लयीत रेंगाळतं. सेटिंग बदललं की काम झालं, मशीन 'खराब' नसतं. जुन्या रोलंडचं डिन सिंक (सिंकचीच जुनी पद्धत) सॉकेट दिसायला मिडीसारखंच पाच पिनांचं असतं, पण तिथे मिडी लावून काहीही होत नाही. लॅपटॉपचा क्लॉक डगमगत असेल तर ड्रम मशीनलाच मास्टर करा आणि लॅपटॉपला मागे चालू द्या. नाहीतर एका मोकळ्या ऑडिओ आउटपुटवरून आठव्या नोटांचे (एका ठोक्याला दोन) टोकदार क्लिक जोरात पाठवा, व्होल्काचं सिंक इन तेवढ्यावरही चालतं.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त राग येतो ते. गिटार पेडलचा ९ व्होल्टचा अडॅप्टर 'व्होल्टेज तेच आहे' म्हणून व्होल्काला लावणारे लोक. पेडलला सहसा मध्ये ऋण असतो, व्होल्काला मध्ये धन लागतो. अडॅप्टरवरचं ते छोटं चित्र बघायला दोन सेकंद लागतात! आणि यूएसबीने लॅपटॉपला जोडलेल्या मशीनमधून घूं ऐकू येतं म्हणून ते परत करणारे. मशीन सेलवर चालणारं असेल तर अडॅप्टर आणि यूएसबी दोन्ही काढा, सेल घाला (व्होल्काला सहा एए लागतात) आणि ऐका. घूं गेलं तर तो बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन वाटांनी जमिनीला जोडलं गेल्याने येणारा आवाज. आउटपुटवर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (ती जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारा डबा) लावा, नाहीतर यूएसबीच्या वाटेवर यूएसबी आयसोलेटर.

तर कुणी घेऊ नये? ज्याच्या इंटरफेसला दोनच इनपुट आहेत आणि दोन्ही सतत भरलेले असतात, त्याने आधी मिक्सर किंवा मोठा इंटरफेस घ्यावा. ज्याला महिन्याभराने तंतोतंत तोच आवाज परत हवा असतो, त्यानेही नको. पॅटर्न मेमरीत राहतो, पण ॲनालॉग आवाजांचे नॉब जिथे सोडले तिथेच असतात आणि कोणीतरी धक्का दिला की गेलं. फोटो काढून ठेवण्यापलीकडे त्यावर इलाज नाही. बाकी ज्यांना स्क्रीनपासून उठून हाताने ताल घडवायचा आहे, त्यांनी बिनधास्त घ्या.

वापरलेलं घेत असाल तर किक सुरू ठेवून एकेक नॉब पूर्ण फिरवा. खरखर थोडी असेल तर काँटॅक्ट क्लीनरने जाते, पण आवाज मध्येच तुटत असेल तर पोटेन्शियोमीटर (नॉबखालचा भाग) बदलावा लागेल. सोळाच्या सोळा स्टेप बटणं दाबून बघा, एखादं दोनदा लागतं का ते पाहा. ओपन हॅटच्या (उघड्या, लांबणाऱ्या झांजेच्या) मागोमाग क्लोज्ड (मिटलेली) हॅट टाका, ओपनचा आवाज जागीच कापला गेला पाहिजे. सेलची झाकणी उघडून पत्र्यांवर हिरवट-पांढरी पूड नाही ना ते बघा. आणि हे सगळं ऐकताना हेडफोन थेट मशीनलाच लावा.