तार उलटी की सुलटी? वूली बगरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

प्रतिक्रिया कडक आहे, पण मोघम नाही. नेमकं काय बिघडलं ते तुम्ही लिहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. बाकीच्या वाचकांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. माझ्या लेखातल्या मापांनी ८ नंबरच्या लांब दांड्याच्या गळावर वूली बगर (पिसं-दोऱ्यांची कृत्रिम माशी) बांधून तुम्ही पुण्याहून हिमाचलातल्या तीर्थन नदीवर गेलात. दुसऱ्याच ट्राउटनंतर हॅकल, म्हणजे माशीच्या अंगावर गुंडाळलेलं पीस, सुटून लोंबायला लागलं. शेपटी गळाला गुंडाळली जात होती, नेढं (गळाचं ओवायचं भोक) वार्निशने बुजलं होतं, आणि फेकताना माशी रॉडवर आपटत होती. शेवटी तुम्ही विचारलंत, "तारेचा सल्ला स्वतः करून बघितला होता का?"

तारेबद्दल, म्हणजे हॅकल दाबून धरणाऱ्या बारीक धातूच्या तारेबद्दल, तुमचं बरोबर आहे. लेखातलं वाक्य चुकलंय आणि चूक माझी आहे. "तार नेहमी हॅकलच्या उलट दिशेने गुंडाळा" असं मी लिहिलं. त्यातला ‘नेहमी’ हा शब्द घातक आहे.

वूली बगरचं हॅकल दोन पद्धतींनी बांधतात. पहिलीत पीस टोकाकडून, शेपटीजवळ बांधायचं आणि नेढ्याकडे गुंडाळत आणायचं. दुसरीत ते जाड बाजूने, नेढ्यामागे ओवलेल्या धातूच्या मण्याच्या मागे बांधायचं, शेपटीकडे गुंडाळत न्यायचं आणि तिथे तारेने दाबून तार पुढे आणायची. लेखातले फोटो दुसऱ्या पद्धतीचे होते आणि वाक्य पहिल्या पद्धतीचं. तुम्ही दोन्ही प्रामाणिकपणे पाळलंत, म्हणून माशी उसवली.

पेन्सिल आणि दोन रंगांचे दोरे घेऊन बघा, लगेच कळेल. लाल दोरा, म्हणजे हॅकल, पेन्सिलीवर उजवीकडून डावीकडे न्या. प्रत्येक वेढा वरून पलीकडे आणि खालून आपल्याकडे. मग निळा दोरा, म्हणजे तार, डावीकडून उजवीकडे आणा, वेढ्याची दिशा तीच ठेवून. निळा प्रत्येक वेढ्यात लालला छेदून जातो, कारण प्रवासाची दिशा बदलली की मळसूत्राचा पीळही उलटतो. आता निळा सोडा आणि वेढा उलटा घेऊन, म्हणजे वरून आपल्याकडे, तसाच उजवीकडे आणा. तो लालच्या शेजारून समांतर पळतो, छेदत कुठेच नाही. तुमच्या माशीत हेच झालं. तार पिसाच्या दांडीशेजारी नुसती पडून राहिली, ट्राउटच्या दाताने दांडी एका जागी तुटली आणि पूर्ण पीस उलगडलं.

म्हणून दुरुस्ती अशी: हॅकल शेपटीकडून पुढे आणत असाल तर तार उलट वेढ्याने. हॅकल मण्याकडून मागे नेत असाल तर तार नेहमीच्याच वेढ्याने. मी स्वतः दुसरी पद्धत सुचवतो. तीत पिसाचं नाजूक टोक शेपटीजवळ येतं आणि तिथे तारेचे दोन घट्ट वेढे बसतात. हॅकलचे पाच-सहा वेढे, तारेचेही तेवढेच. तार पुढे आणताना हात किंचित डावी-उजवीकडे हलवत राहा, म्हणजे तंतू तिच्याखाली चिरडत नाहीत. शेवटी तार कात्रीने कापू नका. दोऱ्याच्या चार वेढ्यांनी बांधली की गोल-गोल फिरवत राहा, बुडाशीच तुटते. कापलेलं टोक दोरा कातरतं.

शेपटीची चूक मात्र तुमची. फोटोत ती गळाच्या दांड्याच्या जवळपास दुप्पट आहे. मॅराबू (शेपटीचं मऊ पीस) ओला झाला की लांब शेपटी प्रत्येक फेकीत गळाच्या वळणावर वेढा घेते. शेपटी दांड्याइतकीच हवी. बोटं ओली करून पिसाचा पुंजका चेपून माप घ्या. लांब झाली तर कात्री लावू नका, नखाने थोडे-थोडे तंतू तोडा. सरळ कापलेली शेपटी पाण्यात ब्रशसारखी दिसते.

नेढं बुजलं कारण तुम्ही शेवटची गाठ मण्याच्या पुढे घेतलीत. मणी असलेल्या माशीला वेगळं डोकं लागत नाही, मणी हेच डोकं. व्हिप फिनिश, म्हणजे ती शेवटची गाठ, मण्याच्या मागे घ्यायचं, वार्निश सुईच्या टोकाने, एकच थेंब. त्यासाठी शेनील (माशीच्या अंगाचा फुलोरी दोरा) मण्याच्या दोन मिलिमीटर आधी थांबवा. शेनील बांधण्यापूर्वी टोकाचं तीन-चार मिलिमीटर फुलोर नखाने ओरबाडून काढा आणि आतला दोराच बांधा, म्हणजे शेपटीच्या बुडाशी गाठोडं होत नाही. मणी ८ नंबरला ४ मिलिमीटरचा, बारीक छिद्र नेढ्याच्या बाजूला.

रॉडवर आपटण्याचा दोष ५ नंबरच्या रॉडला देऊ नका. फ्लाय फिशिंगमध्ये दोरीचं वजन माशीला वाहून नेतं. ५ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतात. टंगस्टनचा मणी आणि पाणी प्यायलेलं शेनील या हिशेबाबाहेर जातात. मागची फेक पुरती सरळ होण्याआधी हात पुढे आणला की जड माशी खाली पडते आणि रॉडच्या उंचीवरून येते. उपाय असा: मागची फेक बाजूने, कमरेच्या उंचीवर घ्या. पुढची डोक्यावरून घ्या. दोरीतला ताण मध्ये कुठेही सुटू देऊ नका. लीडर (दोरी आणि माशी यांच्यामधला बारीक धागा) ९ ऐवजी साडेसात फुटांचा, टिपेट (त्याचं माशीकडचं टोक) ३ एक्स, म्हणजे ०.२० मिलिमीटर जाडीचं. गाठ फासाची घट्ट नको. न सरकणारी मोकळी कडी बांधा, माशी डुलते. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. आणि आधी पितळी मणी वापरून बघा. टंगस्टन त्याच्या जवळपास दुप्पट जड असतं.

"गावाकडे रानकोंबड्याची पिसं मिळतात, ती चालतील का?" हेही विचारलंय. नाही. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं सामन मासा पकडायच्या जुन्या कृत्रिम माशांसाठी प्रसिद्ध आहेत खरी, पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो पक्षी संरक्षित आहे. शिवाय वूली बगरला ती लागतही नाहीत. घरच्या गावठी कोंबड्याच्या पाठीची लांब पिसं घ्या. तंतू गळाच्या फटीच्या, म्हणजे टोक आणि दांडा यांतल्या अंतराच्या, दीडपट हवेत. पिसं साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा, गुंडाळण्याआधी दांडी कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर ती वळताना तडकते.

आणि नोव्हेंबरात पुन्हा तीर्थनला जायचं म्हणताय, ते तिकीट रद्द करा. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, ब्राउन ट्राउट त्या काळात अंडी घालतो. मार्चपर्यंत बारा माशा बांधून होतील. पहिल्या तीन झाल्या की फोटो टाका, बाजूने काढलेला, नेढं उजवीकडे. तार कशी छेदतेय ते दिसलं पाहिजे. लेखातलं वाक्य आज दुरुस्त केलंय.