शर्टाच्या बटणाएवढ्या कड्यासाठी अख्खा इंजेक्टर

एक रबरी कडे मिळत नाही म्हणून माझी गाडी आज नवव्या दिवशीही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. शर्टाच्या बटणाएवढे ते कडे आहे, त्याला ओ-रिंग म्हणतात, आणि कंपनीच्या अधिकृत काउंटरवर ते सुटे द्यायला कोणीही तयार नाही. "ओ-रिंग वेगळी येत नाही, इंजेक्टर पूर्ण घ्यावा लागेल," हे वाक्य मी या आठवड्यात तीन ठिकाणी ऐकले. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग, आणि माझे चारही इंजेक्टर ठणठणीत आहेत. ते काढून, धुऊन, यंत्रावर तपासून घेतले आणि चौघांचाही फवारा सारखाच पडतो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तरीही चार नव्या इंजेक्टरांचे पैसे मोजल्याशिवाय माझी गाडी सुरू व्हायची नाही, असे मला तोंडावर सांगितले जाते.

तिसरा सिलिंडर मिसफायर करत होता, म्हणजे त्यातले पेट्रोल नीट पेटत नव्हते. ठिणगी पाडणारे कॉइल आणि स्पार्क प्लग शेजारच्या सिलिंडरवर बदलून पाहिले, दोष जागचा हलला नाही, म्हणून इंजेक्टर काढायचे ठरवले. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी, म्हणजे फ्युएल रेल, अवघ्या दोन बोल्टांवर बसलेली असते, पण त्या बोल्टांपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाला हवा पोहोचवणारा वरचा प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. त्याचा शेवटचा बोल्ट इंजिनाच्या मागच्या अंगाला अशा जागी दडवलेला आहे की तो डोळ्यांना दिसत नाही. नुसत्या बोटांच्या अंदाजाने सॉकेट बसवून पाव-पाव आट्याने फिरवत तो सोडवायला मला पाऊण तास लागला. जागा कमी असते हे मी समजू शकतो. परंतु इंजेक्टरच्या कनेक्टरला जे लॉक दिले आहे, त्याचे प्लास्टिक अकरा वर्षे सिलिंडर हेडशेजारी तापून बिस्किटासारखे ठिसूळ झालेले होते, आणि दाबायचे तसेच, हलक्या हाताने दाबूनही चारांपैकी दोन लॉक माझ्या हातात तुटून आले. तो कनेक्टरही सुटा मिळत नाही. त्यासाठी म्हणे पूर्ण वायरिंग घ्यायचे.

याहून अधिक संताप मला माहिती दडवण्याचा येतो. अशा पेट्रोल गाडीच्या रेलमध्ये साधारण तीन ते चार बार दाबाने पेट्रोल भरलेले असते आणि इंजिन बंद केल्यावरही तो दाब बराच वेळ टिकून राहतो, कारण पंपाजवळचा व्हॉल्व्ह पेट्रोल मागे जाऊ देत नाही. म्हणून आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढायचा, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडू द्यायचे, पुन्हा दोन-तीनदा सेल्फ मारायचा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची, आणि मगच फडके धरून पाइपचा कनेक्टर उघडायचा. हे न केल्यास पेट्रोलचा फवारा थेट तोंडावर येतो. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात गाणी कशी लावायची यावर कितीतरी पाने आहेत. या दाबाविषयी एक ओळ नाही, आणि दुरुस्तीची पुस्तिका ग्राहकाला देत नाहीत. (डिझेल किंवा डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत हा दाब शेकडो बार किंवा त्याहूनही जास्त असतो, तिथे घरी हात घालूच नये.)

आता त्या कड्याकडे येतो. प्रत्येक इंजेक्टरला दोन कडी असतात. वरचे रेलमधले पेट्रोल अडवते, खालचे मॅनिफोल्डमध्ये बाहेरची हवा शिरू देत नाही. इंजेक्टर एकदा उपसला की जुनी कडी परत वापरायची नसतात, कारण उष्णतेने ती कडक आणि चपटी झालेली असतात. माझे एक खालचे कडे तर इंजेक्टरबरोबर बाहेर न येता भोकातच चिकटून राहिले होते. म्हणजे इंजेक्टर काढणे आणि कडी बदलणे हे एकच काम आहे, आणि हे गाडी बनवणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तरीही तो कडे विकत नाही.

बाजारातून मापाचे कडे आणून बसवा, असा सल्ला मला रोज मिळतो. नाशिकच्या माझ्या मावसभावाने तेच केले. कडे मापात बसले, पण रबर हलक्या प्रतीचे होते. महिन्याभरात सकाळी बॉनेटमधून पेट्रोलचा वास येऊ लागला आणि उघडून पाहिले तर रेलखालचा भाग ओला होता. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकत असलेल्या त्या गाडीत त्याची दोन मुले रोज शाळेला जात होती. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्याला आणि इंजिनाच्या उष्णतेला टिकणारे व्हायटॉनसारखेच रबर हवे. काळ्या रंगाचे दिसेल ते गोल कडे चालत नाही. सुटा भाग नाकारून कंपनी ग्राहकाला नेमके याच धोक्याकडे ढकलते.

भारतीय स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारापासून रोखल्याबद्दलच. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिने निवडलेल्या क्षेत्रांत वाहनेही होती. त्या निकालाचा आणि त्या समितीचा उल्लेख मी काउंटरवर केला, तेव्हा समोरच्या माणसाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर इंजेक्टरच्या चित्रात ते कडे स्पष्ट काढलेले होते, फक्त त्याला स्वतःचा क्रमांक दिलेला नव्हता.

मला नवे इंजेक्टर नकोत. मला आठ कडी हवी आहेत, चार वरची आणि चार खालची, योग्य रबराची, आणि त्यांची रास्त किंमत मी आजही रोख द्यायला तयार आहे.